पैसा घातला, आता हिशेब ठेवा

शेतात बी टाकले म्हणून शेतकरी घरी स्वस्थ बसत नाही. तो उगवण बघतो, तण काढतो, खळ्यावर माप घेतो. फंडात घातलेल्या पैशाचेही तसेच आहे.

फंड म्हणजे काय? पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करायचे आणि त्यांतून कंपन्यांचे शेअर घ्यायचे. काही फंड म्हणतात, "दारू, तंबाखू, जुगार यांच्या धंद्यात आम्ही पैसा घालणार नाही." हे नीतीचे फंड. 1971 साली अमेरिकेत पॅक्स वर्ल्ड नावाचा असा फंड निघाला. तेव्हा व्हिएतनामची लढाई चालू होती. लढाईवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांत आपला पैसा जाऊ नये, असे तो काढणाऱ्यांना वाटे. आता भारतातही नीतीचे फंड आहेत.

मग हिशेब कसा बघायचा? समजा, एका बाईने दूध विकून 10,000 रुपये साठवले. मुलीच्या शिक्षणासाठी ते अशा फंडात घातले. त्या दिवशी एका युनिटचा भाव 20 रुपये होता. तिला 500 युनिट मिळाले. पाच वर्षांनी भाव 26 रुपये झाला. 500 गुणिले 26 म्हणजे 13,000 रुपये. बाई म्हणाली, "बरं झालं, तीन हजार वाढले!"

पण थांबा. हेच पैसे बँकेत मुदतीने ठेवले असते तर? दरसाल दरशेकडा 6 रुपये व्याज आणि व्याजावर व्याज धरले, तर सुमारे 13,380 रुपये झाले असते. म्हणजे फंड वाढला खरा, पण बँकेच्या मागे राहिला. नुसता आकडा बघून भागत नाही. तो दुसऱ्याशी ताडून बघावा लागतो.

भाव खालीही जातो. तेव्हा घाबरून लगेच विकू नका. सगळाच बाजार पडला आहे की आपलाच फंड मागे पडला आहे, हे आधी विचारा. वर्षभरात लागणारा पैसा मात्र अशा फंडात घालूच नका.

दुसरा हिशेब नीतीचा. फंडाने शब्द पाळला का? कोणत्या कंपन्यांत पैसा आहे, त्याची यादी फंडाला दर महिन्याला जाहीर करावी लागते. सेबी या सरकारी संस्थेचा तसा नियम आहे. घरातल्या शिकत्या मुलाला मोबाइलवर ती यादी काढायला सांगा. नावे स्वतः वाचा. नको तो धंदा दिसला तर जाब विचारा.

कोणी म्हणेल, "नीतीसाठी चार पैसे कमी मिळाले तरी चालतील." चालतील ना! पण किती कमी मिळाले, हे ठाऊक असावे.

एक वही करा. तारीख, रक्कम, युनिट आणि भाव लिहा. वर्षातून दोनदा वही उघडा. तुम्ही सही करायला शिकलात. आता सही करण्याआधी वाचा, आणि सही केल्यावर हिशेब ठेवा.