काळ्या मातीची परीक्षा

आपला यवतमाळ जिल्हा कापसासाठीं सर्वश्रुत आहे, आणि कापसाचें हें वैभव काळ्या मातीचें आहे. परंतु शेतकऱ्याचें पोषण करणारी हीच माती घर बांधणाऱ्याची कठोर परीक्षा घेते. वैशाखांत शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात व मृगाचा पाऊस मुरला कीं त्या मिटतात, हें विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं पाहिलेंच आहे. भेग पडणें म्हणजे मातीचें आकसणें, व भेग मिटणें म्हणजे तिचें फुगणें. जमीन अशी दरवर्षीं खालींवर होत असतां तिच्यावरील हलकें घर तिच्याबरोबर हलतें. मग दार चौकटींत अडकूं लागतें, आणि एके दिवशीं भिंतीला तिरपा तडा गेलेला दिसतो.

आपल्या वाडवडिलांच्या बोलींत वस्तीची जागा ती 'पांढरी' व शेतजमीन ती 'काळी'. राहावें पांढरींत व पिकवावें काळींत, असा रिवाज होता. आज गांवें वाढत आहेत आणि काळीचे तुकडे पाडून त्यांवर घरें उठत आहेत. म्हणून पूर्वी ज्या प्रश्नाची फारशी गरज पडत नसे, तो आतां प्रत्येकानें विचारला पाहिजे : ही माती पाण्यानें किती फुगेल?

ही माती बहुतांशीं बेसाल्ट नांवाच्या काळ्या खडकाची झीज होऊन बनली आहे. तिच्यांत मॉंटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असून पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ते एकमेकांपासून दूर सरतात. वाळलेलें ढेकूळ दगडासारखें कठीण लागतें, परंतु त्या कठीणपणावर भिस्त ठेवूं नये. मातीचा खरा स्वभाव पाणी लागल्यावरच कळतो.

तो स्वभाव आंकड्यांत मांडण्याचें काम प्रयोगशाळा करते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आटरबर्ग ह्यांनीं १९११ सालीं ह्याचा पाया घातला, व पुढें १९३२ सालीं कासाग्रांदे ह्यांनीं त्यासाठीं यंत्र सिद्ध केलें. पितळेच्या वाटींत ओली माती थापून तिच्यांत चीर पाडतात आणि ती वाटी एक सेंटिमीटर उंचीवरून पुनःपुन्हा आपटतात. २५ ठोक्यांत चिरेचा सुमारें १२ मिलिमीटर भाग मिटला, तर त्या वेळच्या ओलाव्यास 'द्रवसीमा' म्हणतात. नंतर माती तळहाताखालीं वळून तिचा दोरा करितात. ३ मिलिमीटर जाडीचा होतांच तो तुटूं लागला, तर तो ओलावा 'सुघट्यसीमा' होय. ह्या दोहोंमधील अंतर जितकें मोठें, तितकी माती सामान्यतः अधिक चिकट व फुगणारी समजावी.

तिसरी परीक्षा आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंतही शिक्षकांच्या देखरेखीखालीं, विस्तवापासून दूर, करतां येईल. बारीक चाळणींतून चाळलेली कोरडी माती दहा दहा ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घालावी. एकींत शुद्ध पाणी भरावें, दुसरींत रॉकेल. रॉकेल पापुद्र्यांत शिरून माती फुगवीत नाहीं. अडकलेली हवा ढवळून काढावी व २४ तास वाट पाहावी. समजा, रॉकेलांत माती १० मिलिलिटर भरली व पाण्यांत १६. तर फुगवटा शेंकडा ६० झाला. असा आंकडा दिसल्यास सावध व्हावें.

निदान झालें कीं उपायही आहेत. काळी माती उथळ असल्यास पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा. ती खोल असल्यास, ओलावा ऋतूप्रमाणें बदलत नाहीं अशा खोलीवर तळ रुंद केलेले खांब घालतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केली. मुंबईच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक आर. के. कट्टी ह्यांनीं न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्यें घालण्याची युक्ति दिली, व ती कालव्यांच्या कामीं आली.

पालकांस एवढीच विनंती आहे कीं, जन्माची पुंजी भिंतींत घालण्यापूर्वीं पायाच्या खोलीवरील माती प्रयोगशाळेंत तपासून घ्यावी. वरवरची मूठभर माती पाठवूं नये. खड्डा खणून नमुना घ्यावा, आणि मग अभियंत्याचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्याचें घर उभें आहे, हा पुरावा पुरेसा नव्हे. दहा पावलांवर मातीचा थर निराळा असूं शकतो.

प्रभु येशूनें सांगितलेला दोन घरांचा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. पूर दोन्ही घरांवर आला, पण एकच टिकलें. लूकाच्या शुभवर्तमानांत त्या शहाण्या मनुष्याविषयीं एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, ती सहज नजरेआड होते : त्यानें आधीं खोल खणलें. पायाखालीं काय आहे हें पाहण्याचे श्रम त्यानें घेतले, आणि आपणही तेच घ्यावयाचे आहेत.