गावाकडे राहायला जायचे आहे? मग जागा अशी पारखा



नागपूर, पुणे, भोपाळ येथे स्थिरावलेली आपली बरीच कुटुंबे आता गावाकडे राहायला येण्याचा विचार करीत आहेत. कोणी सेवानिवृत्त झाले आहे, कोणाचा मुलगा घरूनच कंपनीचे काम करतो, तर कोणाला नातवंडांनी मोकळ्या हवेत वाढावे असे वाटते. बोरगाव, लोधीखेडा, सौसर, रामाकोना, पांढुर्णा हा आपला पट्टा त्यासाठी चांगलाच आहे. जाम आणि कन्हान या नद्या आहेत, संत्र्याच्या बागा आहेत, उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आहेत आणि नागपूरही फार लांब नाही. मात्र दिवाळीच्या सुटीत आवडलेले गाव मे महिन्यातही तसेच राहील, असे धरून चालू नये. जागा घेण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

१. फिरण्याची जागा रोजच्या अंतरावर हवी

पेंच, तामिया, पातालकोट यांची नावे सांगून प्लॉट विकणारे पुष्कळ आहेत. ही ठिकाणे सुंदर आहेत, पण तिथे आपण वर्षातून दोन-तीनदा जाणार. तामिया आणि पातालकोट छिंदवाड्याच्याही पलीकडे आहेत. पेंचचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. म्हणून सकाळी अर्ध्या तासात पायी किंवा सायकलने कुठे जाता येईल, हे आधी पाहावे. नदीकाठची पायवाट, बागेतून जाणारा पांदण रस्ता, गावाजवळची टेकडी, मुलांना खेळायला शाळेचे मैदान, हे घराजवळ असेल तर रोज वापरले जाते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा बाहेर पडायची वेळ म्हणजे सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळताना. पावसाळ्यात कन्हानचे पाणी वरच्या डोंगरातल्या पावसाने अचानक चढते, त्यामुळे नदीकाठच्या घरी लहान मुले असतील तर कुंपण हवेच. राखीव जंगलात शेकोटी पेटवणे किंवा परवानगीशिवाय शिरणे हा वन कायद्याने गुन्हा आहे, हे शहरातून येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवावे. हायवेलगतची जागा येण्याजाण्यास सोयीची वाटते, पण बोरगावला औद्योगिक क्षेत्र असल्याने ट्रकची वर्दळ रात्रीही असते. तिथे एक रात्र झोपून पाहावे.

२. पाणी मे महिन्यात बघावे

आपल्या भागात बरेच ठिकाणी जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका शेतात भरपूर पाणी, तर शेजारच्या शेतात कोरडी बोअर, असे घडते. संत्र्याच्या बागेलाही उन्हाळ्यात ओलित लागते आणि सगळ्या विहिरी एकाच वेळी उपसल्या जातात. दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर पाहून व्यवहार करू नये. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पंप सलग दोन तास चालवून पाणी किती उतरते आणि पुन्हा किती वेळात भरते ते पाहावे. पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. फ्लोराइडबाबत दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंतची सूट आहे.

३. जमिनीचे कागद

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर साधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. मध्य प्रदेशात तशी अट नाही, म्हणून सीमेपलीकडचे बरेच लोक इकडे वळतात. पण इथले कागद वेगळे आहेत. सातबाऱ्याऐवजी खसरा, बी-१ आणि नक्शा हे तिन्ही पाहावे लागतात. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना आम्ही पहिल्यांदा खसऱ्यातील कैफियतीचा रकाना वाचत असू, कारण बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा स्थगन आदेश असल्यास त्याची नोंद तिथे सापडते. विक्रेत्याने पीककर्ज फेडले असे तोंडी सांगितले तरी बँकेचे बेबाकी प्रमाणपत्र मागावे.

जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५ चे कडक निर्बंध लागतात. अशा जमिनीच्या वाटेला स्वस्त मिळते म्हणून जाऊ नये. जंगलाला लागून असलेल्या जागेची जुनी नोंद 'छोटे झाड का जंगल' किंवा 'बडे झाड का जंगल' अशी आहे का, तेही काढून पाहावे. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर डायव्हर्शन आणि कॉलनीची मंजुरी दोन्ही मागावीत. रजिस्ट्री झाल्यावर नामांतरण होऊन आपले नाव खसऱ्यावर चढेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये.

४. राज्याची सीमा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. बोली, सणवार, सोयरिकी दोन्हीकडे सारख्याच राहिल्या, कागद मात्र वेगळे झाले. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यामुळे आता जिल्ह्याची कामे छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याला होतात.

याचा सर्वांत मोठा परिणाम मुलांवर होतो. जातीच्या याद्या राज्यनिहाय आहेत. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ सहसा मिळत नाही. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असणे साधारणपणे आवश्यक धरले जाते. म्हणून नववी ते बारावीत मूल असेल तर एक तर त्याआधी यावे किंवा बारावी झाल्यावर यावे. सूनबाई महाराष्ट्रातून आलेल्या असतील तर त्यांच्या प्रमाणपत्रांचाही आधीच विचार करावा.

५. आजारपण आणि येणेजाणे

रात्री दोन वाजता छातीत दुखले तर कुठे न्यायचे, गाडी कोण चालवणार आणि किती मिनिटे लागतील, हे लिहून काढावे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि ते कार्ड दोन्ही राज्यांत चालते. महाराष्ट्राच्या एसटीची ज्येष्ठांची सवलत मात्र सीमेपर्यंतच असते. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. सौसरची जुनी नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली आणि आता तिथे ब्रॉडगेज आहे. आपल्या घरातले कोण किती वेळा नागपूरला जाणार, ते पाहून यांतून निवड करावी.

आधी भाड्याने राहा

एवढे सगळे कागदावर तपासले तरी घरातल्या प्रत्येकाला गाव मानवते का, हे राहिल्याशिवाय कळत नाही. शक्य असेल तर एका जूनपासून पुढच्या मेपर्यंत भाड्याने घर घ्यावे. पावसाळ्यातला चिखल, पोळ्याची गर्दी, आंब्या बहाराच्या संत्र्याची तोडणी, जानेवारीची थंडी आणि शेवटी उन्हाळ्यातली विहीर असे सगळे ऋतू पाहून होतात. गावकऱ्यांशी ओळख होते आणि जमिनीचा खरा भावही कळतो. वर्षाचे भाडे वाया गेले असे वाटू देऊ नका. आयुष्यभराची पुंजी गुंतवण्यापूर्वी एवढा खर्च करणे रास्तच आहे. वर्षअखेरीस घरातील थोरामोठ्यांना आणि मुलांना वेगवेगळे विचारा. सर्वांनी होकार दिला तरच विसार द्या.