ट्रकवरून जेसीबी-पोकलेनवर : चालक बांधवांनी काय शिकावे?

आपल्या समाजात ट्रकचालकांची संख्या मोठी आहे. भिवंडीच्या गोदामांतून माल भरून किंवा मालेगावचे कापड घेऊन वीस-वीस वर्षे रस्त्यावर काढलेली माणसे मोहल्ल्या-मोहल्ल्यात भेटतात. चाळिशी ओलांडली की कंबर बोलू लागते, जागरण सोसत नाही. अशा वेळी पुष्कळ बांधव जेसीबी, पोकलेन किंवा रोलरवर ऑपरेटर होण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे. मात्र ‘ट्रक हाकणाऱ्याला यंत्र काय अवघड?’ ही समजूत घातक आहे. ट्रकचालकाला हा धंदा अर्धाच येतो. उरलेल्या अर्ध्यात माणसांचे प्राण आणि आपली पुंजी अडकलेली असते. तो अर्धा भाग येथे आम्ही सांगत आहोत.

कामाची व्याप्ती

मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. अशा मोठ्या कामांखेरीज गावोगावी पाइपलाइन, शेततळी, घरांचे पाये आणि खाणी आहेतच. यंत्राचे भाडे बहुधा तासावर ठरते. ऑपरेटरला महिन्याचा पगार व वर भत्ता मिळतो. तथापि साइटवरच राहावे लागते, धूळ व हादरे असतात, आणि पावसाळ्यात मातीकाम मंदावते. कंबरदुखीतून सुटका होईल या एकाच आशेने कोणी या धंद्यात येऊ नये.

ट्रकचा अनुभव कुठे उपयोगी पडतो?

डिझेल इंजिनाचा आवाज ओळखणे, सकाळी तेल-पाणी पाहणे, आरशात बघून मागे घेणे, वजनाचा अंदाज आणि मालकाशी हिशेब ठेवणे हे सारे चालकाजवळ असते. नवख्या पोराला ते शिकायला वर्षे लागतात.

नवे काय शिकायचे?

पहिली गोष्ट हातांची. ट्रकमध्ये पाय आणि स्टिअरिंग काम करतात; पोकलेनमध्ये दोन्ही हातांतील लिव्हर. प्रचलित पद्धतीत डाव्या लिव्हरने यंत्राचा वरचा भाग फिरतो व पुढचा दांडा आत-बाहेर होतो. उजव्याने बूम वर-खाली होते आणि बकेट उघडते-मिटते. पण सर्व यंत्रांत ही मांडणी सारखी नसते. म्हणून नव्या यंत्रावर बसल्यावर आधी मोकळ्या जागेत प्रत्येक लिव्हर हलवून पाहावा. वरचा भाग पूर्ण उलट फिरवलेला असेल, तर पुढे जाण्याचा लिव्हर दाबल्यावर यंत्र मागे जाते. अनेक अपघात या एका विस्मरणातून होतात.

दुसरी गोष्ट मागच्या वजनाची. चालकाची नजर समोरच्या रस्त्यावर असते. पोकलेन मात्र जागच्या जागी फिरते, आणि तिच्या पाठीचे वजन भिंत व यंत्र यांच्यामध्ये उभ्या मजुराला चिरडू शकते. यंत्राच्या फेऱ्यात माणूस दिसला की हात थांबले पाहिजेत.

तिसरी गोष्ट जमिनीची. रस्ता कोणीतरी आधी बांधून ठेवलेला असतो. साइटवर आपल्या खालची माती आपणच पारखायची असते. एक घनमीटर माती सुमारे दीड ते दोन टन भरते. चर खचला तर आतल्या मजुराला बाहेर काढायला वेळ मिळत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार किंवा उतार द्यावा आणि काढलेली माती काठावर रचू नये, हा नियम ऑपरेटरने मुकादमालाही ऐकवला पाहिजे. उतारावर भरलेली बकेट खालच्या बाजूस फिरवू नये. वरून विजेची तार जात असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बूम उचलू नये. तार चिकटलीच तर केबिनमध्येच बसून राहावे व इतरांना दूर ठेवावे. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून, यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता, लांब उडी घ्यावी.

चौथी गोष्ट देखभालीची. येथे किलोमीटर नव्हे, तास मोजले जातात. अवर मीटर पाहून तेल व फिल्टर बदलावे लागतात. पिनांना वेळेवर ग्रीस न दिल्यास त्या झिजतात आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. मालक चांगला ऑपरेटर ओळखतो तो ग्रीसच्या पिचकारीवरून.

शिकण्याचा क्रम

ट्रकचालकाने आधी साइटवरील टिपर धरावा. रोजी चालू राहते आणि भरणाऱ्या ऑपरेटरचे काम रोज डोळ्यांसमोर असते. त्यानंतर रोलर, मग जेसीबी व शेवटी पोकलेन हा क्रम सोयीचा आहे. ग्रेडरला हात सर्वांत बारीक लागतो. तो घाईने धरू नये.

उस्तादाच्या हाताखाली हेल्पर राहून शिकण्याची आपली रीत चांगली आहे, पण तिचा कागद होत नाही. यंत्र बनविणाऱ्या कंपन्यांच्या सहकार्याने चालणारी प्रशिक्षण केंद्रे आहेत. या क्षेत्रासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था असून आधीच काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही या व्यवस्थेत आहे. फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : प्रत्यक्ष यंत्रावर किती तास बसायला मिळेल? एका यंत्रामागे किती शिकाऊ आहेत? प्रमाणपत्र कोणाचे? उत्तर गोलमोल आले तर पैसे खिशातच ठेवावेत.

परवाना व नोंदणी

ट्रकचा परवाना म्हणजे यंत्राचा परवाना नव्हे. रबरी टायरचे यंत्र रस्त्यावर न्यायचे तर त्या प्रकाराची नोंद परवान्यावर आरटीओकडून करून घ्यावी. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हेच तपासते. तसेच वर्षभरात बांधकामावर ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदविता येते. आपले बरेच ऑपरेटर याकडे दुर्लक्ष करतात.

आखाताची वाट

कोकणातील अनेक घरांना आखाती देशांची वाट जुनी आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरचा शेरा असतो. त्यांना आखातात नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटवर पाहावे. त्याला घेता येणारे सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच आहे. करारात व व्हिसावर काम कोणते लिहिले आहे ते वाचून घ्यावे. ऑपरेटर सांगून मजूर म्हणून नेण्याचे प्रकार घडतात. तिकडे व्हील लोडरला ‘शॉवेल’ म्हणतात, हेही ध्यानात असू द्यावे.

शेवटची सूचना

दोन हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर काढल्याखेरीज स्वतःचे यंत्र घेऊ नये. नवा जेसीबी काही दशलक्षांचा येतो, आणि काम असो वा नसो, हप्ता थांबत नाही. ट्रक विकून, घर गहाण ठेवून यंत्र आणायचे आणि मग ते चालवायला शिकायचे, हा उलटा क्रम झाला. आधी हात बसू द्या, ठेकेदारांची ओळख होऊ द्या, पावसाळ्याचे चार रिकामे महिने कसे निभतात ते पाहा. यंत्र बाजारात केव्हाही मिळते. ते घ्यावे की नाही, हे त्यानंतर तुमचे तुम्हालाच कळेल.