जाताना एक रस्ता, येताना दुसराच!

दोस्तांनो, चालत सोलापूरच्या नवी पेठेत जाताना कुठला रस्ता धरता? आणि घरी परत येताना? तोच? नीट आठवा हं!

अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी १४ हजारांहून जास्त लोकांच्या चालण्याच्या नोंदी तपासल्या. २०२१ साली त्यांनी काय सांगितलं, ओळखा पाहू! बरेच जण सगळ्यात जवळचा रस्ता धरतच नव्हते! शिवाय जाताना एक रस्ता, येताना भलताच!

असं का? कारण आपला मेंदू प्रत्येक गल्ली मोजत बसत नाही. जिथं जायचंय, तिकडे तोंड राहील असा रस्ता तो पटकन निवडतो. परतताना सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. मग निवडही बदलते!

आता गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटरलाही असं चालायला शिकवता येतं!

समजा, ल्यूडोचा पट मांडलाय. पट म्हणजे सोलापूरचा नकाशा. सोंगट्या म्हणजे चालणारी माणसं. फासा मात्र नाही! प्रत्येक सोंगटीला नियम दिलेत. एका सोंगटीला भुईकोट किल्ल्यापासून सिद्धेश्वर मंदिरात जायचंय. सरळ रेघ मारली तर? थेट मधल्या तळ्यात डुबुक! म्हणून पहिला नियम: पाण्यातून नाही, वाटेनंच जायचं.

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर चढतो ना? मग आणखी एक नियम: उन्हातली १०० पावलं १५० धरायची. आणि काय आश्चर्य! सोंगटी लांबचा, पण झाडांच्या सावलीचा रस्ता धरते. अगदी आपल्या आजीसारखी!

आता हजारो सोंगट्या सोडूया. १९९५ साली डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या शास्त्रज्ञांनी गर्दीत चालणाऱ्यांसाठी असेच नियम मांडले. मुक्कामाची ओढ हवी, पण दुसऱ्यांपासून आणि भिंतीपासून थोडं लांबही राहायचं. बस्स, एवढंच! समोरासमोरून दोन घोळके आले आणि... जादूच! जाणाऱ्यांच्या वेगळ्या रांगा, येणाऱ्यांच्या वेगळ्या! "रांग लावा" असं कुणीच सांगितलं नव्हतं!

याचा उपयोग काय? गर्दी कुठं तुंबेल, हे आधीच कॉम्प्युटरवर दिसतं. मग वाट रुंद करता येते, नाहीतर जादा दार ठेवता येतं. माणसांचे जीव वाचतात!

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गेलात, की घरच्यांचा हात घट्ट धरा आणि गर्दीतल्या अशा आपोआप बनलेल्या रांगा शोधा. किती सापडल्या, ते आम्हाला नक्की कळवा!