अडकलेला प्लग : थंडीने सुटतो, जोराने तुटतो

सेसना १५२ च्या लायकॉमिंग ओ-२३५ इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकी दोन, असे आठ स्पार्क प्लग असतात. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. उष्णता, गंज आणि आट्यांत साचलेला कार्बन यांमुळे जुन्या इंजिनात प्लग असा घट्ट बसतो की पाना फिरतच नाही. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर करणं सर्वांत वाईट. प्लगबरोबर आट्यांचं पोलादी अस्तरही बाहेर येतं आणि दुरुस्ती सिलिंडरवर जाते.

आधी भेदक तेल सोडून पुरेसा वेळ थांबावं. तरीही हलला नाही, तर हेड कोमट असताना धातूच्या नरसाळ्यातून फक्त प्लगवर द्रवरूप कार्बन डायऑक्साइड सोडतात. प्लग आकसतो, पकड ढिली होते. सहाकोनी खोल सॉकेट अगदी सरळ धरावा. कलला तर आतली सिरॅमिक तडकते.

नवा प्लग बसवताना वंगण टोकाकडचा पहिला आटा सोडून, तेही अगदी पातळ लावावं. आवळण्याचं माप ३० ते ३५ फूट-पाउंड, टॉर्क पान्यानेच. हातातून पडलेला प्लग पुन्हा वापरू नये.