विश्लेषण : १५४ जीबीचा गेम २३ जीबीत कसा मावला?

‘हेलडायव्हर्स २’ हा गेम पीसीवर तब्बल १५४ जीबी जागा अडवत होता. डिसेंबर २०२५मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती चाचणीसाठी खुली झाली आणि हा आकडा सुमारे २३ जीबीवर आला. गेममधले काहीही काढलेले नाही. मग १३१ जीबी गेले कुठे? याचे उत्तर गेम डिस्कवरून माहिती कशी वाचतो, यात आहे.

हार्ड डिस्क कुठे अडखळते?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक हेड त्यावरून माहिती वाचते. माहिती सलग असेल तर सेकंदाला १५० एमबी किंवा अधिक वेग सहज मिळतो. पण ती विखुरलेली असेल तर हेडला दर वेळी जागा बदलावी लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर अशा एका उडीला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० उड्या. प्रत्येक उडीत ६४ केबी वाचले, तर वेग येतो अवघा ५ एमबी. डिस्क तीच, पण वेग तीसपट कमी!

मग एकाच फाइलच्या अनेक प्रती कशाला?

ही उडी टाळण्यासाठी. एखादे झाड दहा ठिकाणी दिसत असेल, तर त्याची प्रत प्रत्येक ठिकाणच्या माहितीशेजारीच ठेवायची. हेड एका दमात सगळे वाचते, पण गेमचा आकार फुगतो. प्लेस्टेशन ५चे मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मध्ये ‘स्पायडर-मॅन’चे उदाहरण दिले होते. त्यातील काही माहिती हार्ड डिस्कवर ४०० वेळा ठेवलेली होती.

‘हेलडायव्हर्स २’ने हेच केले होते. मात्र, ॲरोहेड या स्टुडिओने प्रत्यक्ष मोजले तेव्हा लोडिंगचा बहुतेक वेळ फाइल वाचण्यात नव्हे, तर मोहिमेचा नकाशा तयार करण्यात जात असल्याचे दिसले. प्रती काढल्यावर हार्ड डिस्कवर फरक पडला तो काही सेकंदांचाच. शिवाय हार्ड डिस्कवर खेळणारे होते सुमारे ११ टक्के. त्यांच्या सोयीसाठी बाकी सगळ्यांच्या डिस्कवरही १३१ जीबी जास्तीची जागा अडत होती.

एसएसडी घेतल्यावर एफपीएस वाढतो का?

सहसा नाही. सरासरी एफपीएस प्रामुख्याने ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. पण ओपन वर्ल्ड गेम खेळता खेळताच पुढचा परिसर वाचत असतो. माहिती वेळेत आली नाही, तर भिंती धूसर दिसतात, इमारती अचानक उगवतात किंवा गेम क्षणभर अडकतो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हा त्रास बराच कमी होतो.

बॉक्सवरचा ७००० एमबीचा आकडा खरा का?

खरा, पण सलग वाचनाचा. छोटे तुकडे एकेक करून वाचताना त्याच ड्राइव्हचा वेग अनेकदा १०० एमबीच्याही आत येतो. शिवाय वाचलेली माहिती उलगडण्याचे काम बहुतेक गेममध्ये प्रोसेसरच करतो. म्हणूनच साध्या साटा एसएसडीवरून महागड्या एनव्हीएमईवर गेल्यावर लोडिंगमध्ये अनेकदा थोडाच फरक जाणवतो.

खरेदीआधी हे लक्षात ठेवा

• हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर जाणे, हा सर्वात मोठा फरक.
• बजेट मर्यादित असेल तर जास्त वेगापेक्षा जास्त जागेला प्राधान्य द्या.
• हार्ड डिस्क जवळजवळ भरली की नव्या फाइल विखुरतात. थोडी जागा मोकळी ठेवा.
• डीफ्रॅग हार्ड डिस्कसाठी उपयोगी. एसएसडीला त्याची गरज नाही.
• गेम खेळताना अडकत असेल, तर आधी टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के दिसत असेल तरच दोष तिच्याकडे असण्याची शक्यता जास्त.