येवल्यातून परदेशी: एजंट की वकील?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार केंद्राची नोंदणी लागते; ती ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर दिसते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये, वर जीएसटी. विद्यार्थी-व्हिसाचे सल्लागार या कायद्यात येत नाहीत, ही मोठीच फट. वकिलाचे म्हणाल, तर अमेरिकेला जायचे असल्यास महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद तिथल्या कायद्याला पुरत नाही. तिथे स्थलांतर हा संघराज्याचा विषय. म्हणून कुठल्याही एका राज्यात सनद असलेला तिथला वकील चालतो, आणि तो येवल्यात बसूनही फोनवर गाठता येतो. ‘ओळखीचा एजंट बरा’ असे म्हटले जाते. पण ओळखीने नोंदणीची उणीव भरून निघत नाही, विनानोंदणी भरती हा गुन्हाच ठरतो. कायदेशीर मदतीसाठी दूरध्वनी: १५१००.